बागेचा नळ आणि आपली मुलं

मार्च २०२५ ची रंगपंचमी. शाळा सुटली, दप्तरं सोफ्यावर फेकली आणि सगळी पोरं खाली पळाली. मी पाचच्या सुमारास खाली गेले तर घसरगुंडीच्या मागे बागेचा जो नळ आहे तिथे सात-आठ जणांची रांग लागलेली. फुगे भरणं चालू होतं. आमची मनू, सहा वर्षांची, फुगा भरून झाला की त्याचं तोंड दातात धरून गाठ मारत होती, आणि दर वेळी थोडं पाणी हनुवटीवरून खाली आणि थोडं, उघडच आहे, तोंडात. शेजारचा एक मोठा मुलगा पिचकारी भरून सरळ दुसऱ्याच्या तोंडावर मारत होता. सगळे हसत होते.

माळीकाका लांबून ओरडले, "अहो ताई, ते झाडांचं पाणी आहे, एसटीपीचं."

एसटीपी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, हे मला माहीत नव्हतं असं नाही. फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये वाचलं होतं, दर महिन्याच्या मेंटेनन्सच्या हिशोबात एसटीपीची ओळ असते, तीही बघितली होती. पण ते पाणी म्हणजे माझ्या पोरीच्या दातात धरलेल्या फुग्यातलं पाणी, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि ते वर्ष कसलं होतं ते पुण्यातल्या आईबापांना सांगायला नको. जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट निघायला लागले, आकडा दोनशेच्या आसपास गेला, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला पण दोन महिने घरात उकळलेलंच पाणी. आणि इथे खाली, बागेत, हे.

मनूला वर आणलं, साबणाने हात-तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या आणि डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले की लगेच कुठलंही औषध द्यायचं नाही, काही दिवस लक्ष ठेवा, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस सुरू करा, लघवी कमी झाली, मूल मलूल झालं, शौचात रक्त दिसलं किंवा ताप चढला तर लगेच घेऊन या. मनूला काही झालं नाही. रांगेतल्या दोन मुलांना जुलाब झाले पण त्या दिवशी सगळ्यांनी भेळही खाल्ली होती, बर्फाचा गोळाही खाल्ला होता, त्यामुळे पाण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले, आणि आज वर्षभरात जे कळलं ते लिहून ठेवते, कारण अशी बाग आणि असा नळ असलेल्या सोसायट्या पुण्यात कितीतरी आहेत.

आधी थोडं एसटीपीबद्दल. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात स्वतःचा एसटीपी आलाच. आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर नुसतं फ्लशला जातं. तेवढं प्यायचं पाणी संडासात ओतायचं आणि उन्हाळ्यात टँकरसाठी रांग लावायची, हे चूकच आहे. त्यामुळे वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला द्यायचं ही कल्पना मला मनापासून पटते. खडकवासल्याच्या चार धरणांवर किती लोक जगतायत ते आपण बघतोच. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कोणी "मग बंदच करा ना ते" म्हणू नये.

मी एका रविवारी एसटीपी रूममध्ये गेले. बेसमेंटच्या कोपऱ्यात, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा एवढा आवाज की बोलताना ओरडावं लागतं. तिथले ऑपरेटर दादा बारा तासांची ड्युटी एकटेच करतात, आणि त्यांनी मला जितकं नीट समजावलं तितकं कमिटीच्या कुठल्या मीटिंगमध्ये कोणी समजावलं नव्हतं. आधी जाळी, तिथे कचरा अडकतो. मग तेल-तूप वेगळं करायची टाकी. मग एका टाकीत सगळं एकत्र होतं आणि पुढे हवेच्या टाकीत प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांवर वाढलेले जिवाणू घाण खातात. मग गाळ बसवायची टाकी, मग वाळूचा फिल्टर, मग कार्बनचा. इथपर्यंत पाणी स्वच्छ दिसायला लागतं, वासही जवळजवळ जातो. दादांनी काचेच्या बाटलीत भरून दाखवलं, खरंच नळाच्या पाण्यासारखं. जरा पिवळट, पण बाटली उजेडात धरली तरच कळेल इतपत.

आणि शेवटची पायरी हायपो. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण. निळा कॅन, त्याला छोटा डोसिंग पंप, टिक टिक चालू. मी विचारलं कॅन कधी भरता, तर ते म्हणाले मॅडम, वरून माल येतो तेव्हा. कॅनच्या तळाशी चार बोटं द्रावण उरलं होतं आणि पंपाची नळी त्याच्या वर लोंबकळत होती. पंप टिक टिक करत हवा ओढत होता.

मी तिथेच गप्प उभी राहिले. कारण मुलांसाठी जी पायरी सगळ्यात महत्त्वाची, तीच बंद होती आणि बाहेरून कोणालाही कळलं नसतं. पाणी तसंच स्वच्छ दिसत होतं. वाळूच्या फिल्टरने गाळ जातो, बऱ्यापैकी जंताची अंडीही अडकतात कारण ती मोठी असतात, पण बॅक्टेरिया आणि व्हायरस त्यातून आरामात जातात. त्यांना मारायला क्लोरीन किंवा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, लागतोच.

दादांना दोष देऊ नका प्लीज. ते सांगत होते, लिहून देत होते, पण ऑर्डर काढणारे वेगळे आणि पैसे मंजूर करणारे वेगळे. आणि अजून एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली, हायपो उन्हाळ्यात गरम खोलीत पडून राहिला की त्याची ताकद आपोआप कमी होत जाते, त्यामुळे तीन महिन्यांचा साठा एकदम आणून ठेवला तर शेवटी शेवटी आपण जवळपास नुसतं खारट पाणीच घालत असतो.

मग मी मागच्या वर्षभराचे टेस्ट रिपोर्ट मागितले. मिळाले. पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस, तेल-ग्रीस, सगळं मर्यादेत. बीओडी ८, म्हणजे उत्तम. पण फिकल कोलिफॉर्मचा रकानाच नव्हता! बीओडी म्हणजे पाण्यात किती सेंद्रिय घाण उरली त्याचं माप, ते नदीसाठी महत्त्वाचं, माशांसाठी महत्त्वाचं, पण त्या पाण्याने भरलेला फुगा दातात धरला तर पोटात काय जाईल ते बीओडी सांगत नाही. ते सांगतं फिकल कोलिफॉर्म, म्हणजे आतड्यातून येणारे जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये साधारण किती आहेत. हे जिवाणू स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण ते आहेत म्हणजे विष्ठेतून येणारं बाकीचंही असू शकतं.

मर्यादा किती? २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत एसटीपीसाठी १००० पेक्षा कमी. २०१९ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, ते कडक केलं, २३० पर्यंत चालेल आणि १०० पेक्षा कमी असेल तर उत्तम. पण हे आकडे मुख्यतः पाणी सोडून देण्यासाठीचे आहेत. फ्लशिंगसारख्या वापरासाठी केंद्राच्या सीपीएचईईओच्या, म्हणजे पाणी-सांडपाण्याचं तांत्रिक काम बघणाऱ्या संस्थेच्या, २०१३ च्या मॅन्युअलमध्ये फिकल कोलिफॉर्म शून्य आणि लिटरला किमान १ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन अशी शिफारस आहे. आमच्याकडे फ्लशची आणि बागेची टाकी एकच. म्हणजे तेच माप लावायला हवं.

आम्ही चार घरांनी वर्गणी काढून एका लॅबमधून स्वतः टेस्ट करून घेतली. निर्जंतुक बाटली त्यांचीच, नमुना घेताना एसटीपीतून नाही तर घसरगुंडीमागच्या त्याच नळातून, आणि आधी न सांगता. रिपोर्ट आला, १६०० पेक्षा जास्त. मी विचारलं म्हणजे नक्की किती, तर लॅबवाले म्हणाले आमच्या पद्धतीचा तक्ता तिथेच संपतो, त्याच्या पुढे किती ते यातून कळत नाही.

माझी वहिनी कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहते. तिला हे सांगितलं तर म्हणाली आमच्याकडे तर शाळेच्या मैदानालासुद्धा असंच पाणी देतात. आणि तिने फोटो पाठवले, जांभळे पाइप, स्प्रिंकलरचं डोकंही जांभळं, बाजूला पाटी. तिथे जांभळा रंग म्हणजे हे पाणी प्यायचं नाही, एवढं लहान मुलांनाही माहीत असतं. तिथला नियम बघितला तर बागा, खेळाची मैदानं, शाळेचं आवार अशा ठिकाणी वापरायच्या पाण्यात कोलिफॉर्म, तेही नुसते फिकल नाही तर एकूण, सात दिवसांचा मध्यम आकडा २.२ च्या वर जाता कामा नये, आणि एकदाही २४० च्या वर नाही. म्हणजे हे पाणी मुलांच्या आसपास वापरता येतं, जगात वापरलं जातंय. फक्त शेवटची पायरी रोज चालली पाहिजे आणि कोणीतरी ती रोज तपासली पाहिजे.

मुलांचं वेगळं का धरायचं ते माझ्या सासूबाईंना समजावताना मला स्वतःलाच नीट समजलं. त्या म्हणाल्या आम्ही विहिरीचं पाणी पिऊन मोठे झालो. हो आई, पण त्या विहिरीत साडेतीनशे फ्लॅटचं ड्रेनेज नव्हतं. मूल मातीत बसतं, हात तोंडात घालतं, अंगठा चोखतं, पडलेलं बिस्कीट उचलून खातं. वजन १५ किलो, त्यामुळे दोन-चार जुलाबांतच कोमेजून जातं. आणि जंतांचं तर वेगळंच आहे, त्यांची अंडी मातीत महिनोनमहिने जिवंत राहतात आणि क्लोरीनने मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं पाणी शेतीला देताना लिटरला एकापेक्षा जास्त अंडं नको म्हटलंय, पण १५ वर्षांखालच्या मुलांचा संपर्क येत असेल तर जास्तीची काळजी घ्या, उदाहरणार्थ ०.१ पर्यंत आणा, असं वेगळं लिहिलंय. शाळेत फेब्रुवारीत जी जंताची गोळी देतात ती चुकवू नका, हे त्यातूनच माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता घरातली एक गोष्ट, जी मला बागेपेक्षा जास्त भीतीदायक वाटली. जुळ्या पाइपलाइनच्या, म्हणजे फ्लशच्या पाण्याची लाइन वेगळी असलेल्या, बिल्डिंगमध्ये बाथरूमचं रिनोव्हेशन करताना प्लंबर जेट स्प्रे फ्लशच्या लाइनला जोडून टाकतो, कारण ती लाइन जवळ असते. आमच्याच विंगमध्ये दोन घरं निघाली. म्हणजे लहान बाळाला शी झाल्यावर त्याच पाण्याने धुणं, आणि त्या घरातल्या आईला पत्ताही नाही. ओळखायचं सोपं आहे, फ्लशची टाकी धुवायला बंद ठेवतात त्या दिवशी तुमचा जेट स्प्रे चालतो का बघा. नाही चालला तर लाइन चुकलीय. आणि कधी कधी प्यायच्या लाइनचीही अशी सरमिसळ होते. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळ लाइड्सखे राइन या नव्या वस्तीत २००१ मध्ये दुय्यम पाण्याची लाइन चुकून प्यायच्या लाइनला जोडली गेली, लोक आजारी पडले, आणि पुढे त्यांनी घराघरात असं पाणी द्यायची मोठी योजनाच गुंडाळली. तिथे तर ते पाणी ड्रेनेजचंही नव्हतं, अर्धवट शुद्ध केलेलं नदीकडचं पाणी होतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे व्हायचं ते झालं. अर्धे म्हणाले इतकी वर्षं काही झालं नाही, अर्धे म्हणाले बागेचं कनेक्शन तोडा आणि टँकर आणा. टँकरचं पाणी तरी कुठल्या विहिरीतून येतं ते कोणाला माहीत असतं? मी दोन्ही बाजूंना तो १६०० वाला कागद दाखवला आणि म्हटलं, पाणी बंद करायचं नाही, पाणी नीट करायचं.

मग झालं ते असं. सगळ्यात आधी घसरगुंडीमागच्या नळाची मूठ काढून टाकली आणि चावीने उघडणारा नळ बसवला, चावी माळीकाकांच्या कंबरेला. त्यासाठी फारसा खर्च आला नाही आणि एका दुपारीत काम झालं, म्हणून तुम्ही काही एकच करणार असाल तर हे करा. त्याच्याच जवळ, पण वेगळ्या खांबावर, मुलांसाठी साध्या पाण्याचा नळ दिला, कारण मुलांना पाणी लागणारच, नुसतं नको म्हणून ती थांबत नाहीत. पाटी पूर्वी इंग्लिशमध्ये होती, मनूच्या वयाच्या मुलांना वाचता येत नाही आणि माळीकाकांनाही नाही. आता मराठी, हिंदी आणि ग्लासवर फुली मारलेलं चित्र.

वेळ बदलली. आधी संध्याकाळी साडेचार-पाचला पाणी मारायचे, म्हणजे मुलं उतरायची त्याच वेळी गवत ओलं. आता पहाटे साडेपाच ते साडेसहा. दिवसभर ऊन लागतं, गवत सुकतं, आणि वाळणं आणि ऊन हे दोन्ही जंतूंना मारतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बराच फरक पडतो. यात आजी-आजोबांची पंचाईत झाली, त्यांना सकाळी हिरवळीवर अनवाणी चालायचं असतं, तर त्यांच्यासाठी एक पट्टा साध्या पाण्यावर ठेवला. वाळूच्या खड्ड्यावर रात्री ताडपत्री. झुडपांना स्प्रिंकलर काढून ड्रिप, म्हणजे तुषार हवेत उडून नाकातोंडात जायला नको.

आणि तळमजल्यावर दोन-तीन ताईंनी मिळून लावलेला कोथिंबीर-पुदिन्याचा वाफा. किती प्रेमाने वाढवला होता त्यांनी! पण जे कच्चं खायचं त्याला हे पाणी नको, यावर मी अडून बसले. आता त्याला वरून बादलीने साधं पाणी जातं. कढीपत्ता आणि शेवगा राहू दिला, ते फोडणीत आणि आमटीत जातात.

प्लांटमध्ये हायपो दर पंधरा दिवसांनी ताजा, आणि कॅनवर मार्करने तारीख. क्लोरीन घातल्यावर पाणी टाकीत निदान अर्धा तास थांबतं ना, हेही बघून घेतलं, घातलं आणि लगेच पाइपात सोडलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. रोज बागेच्या नळावर ओटी टेस्ट. गावाकडे ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात तीच, छोट्या नळीत पाणी, त्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंग नाही तर नाही. तपासलेलं पाणी टाकून द्यायचं आणि बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. ऑपरेटर दादा नळीचा फोटो ग्रुपवर टाकतात. पहिल्या आठवड्यात तीन दिवस रंगच आला नाही. हायपो तर भरलेला होता. मग कळलं की रात्री लाइट बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवत होते, त्यामुळे पाण्यात अमोनिया आणि बाकीची घाण उरायची आणि तीच सगळा क्लोरीन खाऊन टाकायची. ब्लोअर रात्री चालू केला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी नळी पिवळी झाली. इतका पिवळा रंग बघून मला आयुष्यात कधी आनंद झाला नव्हता.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच नळातून, पुन्हा न सांगता टेस्ट केली. फिकल कोलिफॉर्म २३. शून्य नाही. अजून काम आहे, यूव्ही बसवायचं कोटेशन आलंय, कारण जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जीव क्लोरीनला सहज दाद देत नाहीत आणि यूव्हीने निकामी होतात. पण यूव्हीसाठी पाणी आधी नितळ हवं, गढूळ पाण्यात कणांच्या आड जंतू लपतात, म्हणून वाळूच्या फिल्टरची वाळू बदलायचीय आधी.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. माळीकाकांची चार वर्षांची नात कधी कधी त्यांच्याबरोबर पहाटे येते, आईची कामाची वेळ असते म्हणून. काका पाइप धरतात आणि ती धारेखाली हात धरून खेळते. त्यांना हातमोजे आणि गमबूट दिले, मोजे ते घालत नाहीत, हात घामेजतात म्हणतात, आणि खरंच घामेजतात. नातीसाठी मी मनूचे जुने गमबूट दिलेत आणि पहाटे तिला आमच्या लॉबीत बसवायचं का यावर वॉचमनशी बोलणं चालू आहे. या शनिवारी साडेपाचला मी स्वतः खाली जाणार आहे, ओटीची बाटलीही त्या दिवशी माझ्याकडेच आहे.